मेच्या सुट्टीत सेंट हेलन्स: स्की लावून वर, स्की लावूनच खाली

आमच्या शाळेची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यावर संपते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलन्सवर स्की लावून चढायचे उत्तम दिवस एप्रिल-मे. म्हणून कोकणातल्या शिक्षकांना हा डोंगर फार सोयीचा, असं मी गुहागरात सांगते तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकतो. पिकू दे. माझी धाकटी बहीण पोर्टलंडला राहते, तिथून पायथा गाडीने दोनेक तासांवर आहे. आणि समुद्रकाठच्या माणसाला बर्फावर जायचंच असेल तर उंचीचा त्रास जवळपास नसलेला मोठा ज्वालामुखी बरा.

उंची 8,363 फूट. 18 मे 1980 च्या उद्रेकाआधी ती 9,677 होती. त्या सकाळी डोंगराचं डोकं उडालं, 57 माणसं गेली. उत्तरेची बाजू फुटून आत भलंमोठं विवर झालं. आपण चढायचं दक्षिणेकडून, ‘वर्म फ्लोज’ नावाच्या वाटेने. सुरुवात मार्बल माउंटन स्नो-पार्क या वाहनतळापासून, सुमारे 2,700 फुटांवर. म्हणजे एका दिवसात साडेपाच हजार फुटांच्या वर चढाई आणि येऊन-जाऊन एकोणीस-वीस किलोमीटर. या वाटेवर हिमनदी ओलांडावी लागत नाही, त्यामुळे दोराची गरज पडत नाही. सोपं मात्र समजू नका.

स्की करता येत नसेल तर आधी गुलमर्ग किंवा औलीला जाऊन शिका. गुलमर्गला केंद्र सरकारची संस्थाच आहे. तिथल्या तयार उतारावर कुठेही न पडता वळता येणं पुरेसं नाही; थकलेल्या पायांनी, पाठीवर सॅक घेऊन, खडबडीत बर्फावर वळता आलं पाहिजे. तोवर सेंट हेलन्सचं तिकीट काढू नका.

दम आणि मांड्या मात्र इथेच तयार होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे निघून खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड करा. रायगडच्या पायऱ्या एकदा चढून-उतरून लगेच दुसऱ्यांदा चढा. उतरताना मांडी थरथरायला लागली की तिथून पुढचा व्यायाम खरा, कारण स्कीवर तुम्हाला नेमक्या त्याच मांड्या लागणार. हे कडेही लाव्हाचेच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुने. लाव्हावर चालायला आपण नवखे नाही. किक-टर्न, म्हणजे उतारावर उभ्याउभ्या एक स्की उचलून उलट दिशेला ठेवायची आणि दुसरी मागून फिरवून आणायची, हा प्रकार घरी घोटा. खळ्यात भाताचा पेंढा जाड पसरा आणि त्यावर करा. वाळूत नको, तळ खरवडून निघतो. शेजारणी बघतात, मुलं टाळ्या वाजवतात, चालायचंच.

स्की तिथे भाड्याने मिळतात, बूट मात्र स्वतःचे असावेत. सामान स्वतःचं असेल तर कोकणात ते सांभाळणं हीच अर्धी लढाई. खाऱ्या हवेत स्कीच्या पोलादी कडांना आठवड्यात तांबेरा धरतो. सुट्टीवरून आलात की कडा कोरड्या पुसा आणि तळासकट कडांवरही मेणाचा जाड थर द्या. तो खरवडायचा नाही, पुढच्या मोसमापर्यंत तसाच ठेवायचा. स्किन, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या, माळ्यावर कधीच ठेवू नका. मेमध्ये कौलांखाली एवढं तापतं की गोंद पातळ होऊन सगळं लडबडतं. पूर्ण वाळवून, गोंदाच्या बाजूला जाळी लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, घरातल्या सर्वांत गार खोलीत. बुटांचे आतले लायनर श्रावणात दोन-तीनदा बाहेर काढून वाऱ्यावर टाका, नाहीतर बुरशी.

4,800 फुटांच्या वर जायला परवाना वर्षभर लागतो. 1 एप्रिलपासून तो पैसे भरून आणि ठरावीक संख्येतच मिळतो, त्यामुळे आधी परवाना, मग विमान.

आता मुख्य गोष्ट: वेळ. वसंतातला बर्फ रात्री गोठतो, दिवसा वितळतो. असं बरेच दिवस चाललं की त्याचे कण साखरेच्या खड्यांसारखे गोल आणि मोठे होतात. गोठलेला असताना त्यावर स्की घसरते, फार वितळला की पाय रुतून बसतो. मधले दोन-अडीच तास वरचा इंचभर थरच मऊ असतो, खाली टणक. त्यावर स्की करायला मिळावी म्हणूनच हा सगळा खटाटोप. दक्षिण उतारावर मेमध्ये ही वेळ बहुधा साडेदहा ते एकच्या दरम्यान येते. तिथून उलट मोजा. तासाला हजार फूट हा चांगला वेग, शिवाय थांबे. म्हणजे पहाटे चारला टॉर्च लावून निघायचं.

रात्र निरभ्र होती का, हे तापमानाच्या आकड्याइतकंच बघा. ढगाळ रात्री आंब्याच्या मोहोरावर दव पडत नाही, हे आपल्याकडच्या बागायतदाराला ठाऊक असतं; जमिनीची ऊब ढगांखाली अडकते. तिथे त्याच कारणाने ढगाळ रात्री बर्फ गोठत नाही. निघताना जंगलातच बूट घोट्याच्या वर रुतत असेल तर परत फिरा आणि झोपा. ओल्या बर्फाचे लोट दुपारी याच उतारांवरून सुटतात. हिमस्खलनाचा अंदाज नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटर देतं, पण मोसम सरला की रोजचा अंदाज बंद होतो; मग स्वतःची अक्कल. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ-यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबतच्या प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून उपयोग नाही.

पहिले तीनेक किलोमीटर जंगलातून. मेच्या मध्यावर इथे बर्फ नसतोही, तेव्हा स्की पाठीवर आणि पायात साधे बूट. चॉकलेट फॉल्स या छोट्या धबधब्यानंतर झाडी संपते आणि सोंड धरून चढ सुरू होतो. स्की उचलू नका, सरकवा. वजन टाचेवर ठेवा, तरच स्किनचे केस बर्फ धरतात. पुढे झुकलात की मागे घसरलात. उतार कडक दिसला की स्कीखालचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दात, सपाटीवरच लावून घ्या, मधे उतारावर लटकत ते जमत नाही. शेवटचा तीव्र टप्पा बरेच जण स्की सॅकला बांधून, बुटाला क्रॅम्पॉन लावून, हातात आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, घेऊन चढतात. त्यात कमीपणा नाही.

खायला मी आंब्याचं साठं आणि काजूगर नेते. पाण्यात कोकमाचं आगळ, मीठ, साखर. बर्फावरून उलटून येणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं, तिथेही क्रीम लावा. गॉगल काढायचाच नाही.

वर पोचलात की थांबा, पुढे जाऊ नका. विवराच्या कडेला वाऱ्याने साचलेल्या बर्फाचं छज्जं पुढे आलेलं असतं. दक्षिणेकडून ते भक्कम जमीन वाटतं, खाली मात्र शेकडो फूट पोकळी. 2010 मध्ये असं छज्जं तुटून एक गिर्यारोहक आत गेला. फोटो मागे राहून काढा. रेनियर, अ‍ॅडम्स आणि हूड हे आजूबाजूचे ज्वालामुखी तिथूनही दिसतात. मातृदिनाला, मेच्या दुसऱ्या रविवारी, इथे पुष्कळ लोक, पुरुषसुद्धा, फ्रॉक घालून चढतात. काष्ट्याची नऊवारी स्कीला उत्तम, असं बहिणीचं म्हणणं. मी अजून पँटवरच आहे.

उतरण्याआधी स्किन काढून जॅकेटच्या आत ठेवा, गार पडल्या तर पुन्हा चिकटत नाहीत. मग बर्फ मऊ होईपर्यंत वाट बघा, घाई करणारे कडक बर्फावर दात वाजवत उतरतात. उतरताना खरा धोका वाट चुकण्याचा. शंकूच्या आकाराच्या डोंगरावरून उतार पसरत जातात: माथ्यावर थोडी दिशा बदलली तर पायथ्याशी दीड-दोन किलोमीटर दूर, भलत्याच ओढ्यात पोचता. चढताना जीपीएसवर वाट नोंदवा आणि उतरताना दर पाच-सहा वळणांनी बघा, उतार मोहात पाडत असला तरी चढलेल्या सोंडेच्या जवळच राहा. धबधब्याच्या वर थांबून सगळे एकत्र आले की मगच जंगलात शिरा.

जंगलातला बर्फ दुपारी जड आणि ओला असतो, तिथे गुडघा पिळवटतो. वळणं सोडून सरळ सावकाश घसरा, किंवा सरळ स्की खांद्यावर घ्या. गाडीत चपला आणि कोरडे मोजे ठेवलेले असू द्यात. लायनर त्याच संध्याकाळी बुटांतून काढून पंख्याखाली ठेवा. ओले तसेच बॅगेत भरले, तर गुहागरला बॅग उघडताना घरातले सगळे मागे सरकतील.