मातीशिवाय पीक घ्यायचंय? आधी कोकोपीट नीट धुवा

मातीविना लागवड सुरू करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात की ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशांना रोखणारी मित्रबुरशी) कुठलं घालू, मायकोरायझा (मुळांशी नातं जोडून त्यांना अन्न मिळवून देणारी बुरशी) किती घालू. आणि मी दरवेळी उलट विचारते, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुतलंय का? कारण पहिल्यांदा टोमॅटो लावले तेव्हा मी हेच केलं नव्हतं. कोकोपीटच्या दाबलेल्या विटा पाण्यात फुगवल्या, गांडूळखत मिसळलं, ट्रायकोडर्माची पावडर टाकली आणि रोपं लावून मोकळी झाले. तीन आठवडे मस्त वाढली, मग पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि फळं धरली तर प्रत्येकाच्या बुडाशी काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग. रोग समजून फवारण्या केल्या, सगळ्या वाया गेल्या. तो रोग नव्हताच, फळाला कॅल्शियम मिळत नव्हतं.

झालं असं की नारळाच्या काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं. साध्या पाण्याने धुतलं की मोकळे क्षार निघून जातात पण कणांना चिकटलेले तसेच राहतात, मग आपण खतातून कॅल्शियम, मॅग्नेशियम दिलं की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं. झाड उपाशीच.

म्हणून वीट फुगवा, चाळणीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून दोनतीन वेळा भरपूर पाण्याने धुवा, खालून येणाऱ्या पाण्याचा ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा, मीटरने मोजायचा आकडा) आपल्या नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या जवळपास आला पाहिजे. नंतर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं, मी ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅम साधारण २० लिटर पाण्यात विरघळवून वापरते. सकाळी निथळून परत एकदा धुवायचं. पाकिटावर "धुतलेलं" लिहिलेलं असलं तरी ईसी मोजाच.

आता मिश्रण. माझं आवडतं म्हणजे ६ भाग कोकोपीट, २ भाग भाताच्या तुसाचा कोळसा आणि २ भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत. तुसाच्या कोळशाने हवा खेळती राहते, पण तो अल्कधर्मी असतो आणि नवाकोरा घातला तर खतातलं अन्न स्वतःच शोषून बसतो, म्हणून आधी धुवून गांडूळखताच्या पाण्यात आठवडाभर मुरवायचा. ताजा लाकडाचा भुसा मात्र घालू नका, त्यात कार्बन इतका जास्त असतो की तो कुजवणारे जीवाणू सगळा नायट्रोजन ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. पीट मॉस (पाणथळ जागेत साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ) मी वापरत नाही, पाणथळ जागेत त्याचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आपण ते एका हंगामासाठी उकरून आणायचं हे मला पटत नाही. मिश्रण मुठीत दाबून बघा, दोनचार थेंब पडले तर ठीक, धार लागली तर कोळसा वाढवा.

आता जीवाणू आणि बुरशा. सगळे एकदम ओतायचे नसतात, प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, ती मूळकूज करणाऱ्या बुरशांवर वाढते आणि त्यांची जागा, अन्न बळकावते, ती लागवडीच्या आठवडाभर आधी मिश्रणातच ओलसर करून मिसळा म्हणजे पसरायला वेळ मिळतो. बॅसिलस सबटिलिस हा मित्रजीवाणू बीजाणू (टणक कवचातली सुप्त अवस्था) करून राहतो म्हणून पावडर बरीच टिकते. स्युडोमोनास या दुसऱ्या मित्रजीवाणूचं तसं नाही, तो बीजाणू करत नाही, त्यामुळे तारीख बघून ताजाच घ्या आणि सावलीत ठेवा. मायकोरायझा मात्र थेट मुळाला लागली पाहिजे, पुनर्लागवड करताना खड्ड्यात चिमूटभर टाका आणि त्यावरच रोप बसवा, वरून शिंपडून फार उपयोग नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट असलं काही लावणार असाल तर मायकोरायझावर पैसे घालवू नका, ही पिकं तिच्याशी नातं जोडतच नाहीत. आणि फॉस्फरस जास्त दिलात तर बाकीची झाडंही तिला जवळ करत नाहीत, कारण गरजच उरत नाही.

एवढं करून लोक क्लोरीनचं नळाचं पाणी घालतात! पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातो (क्लोरामाइन असेल तर असा जात नाही, त्याला कार्बन फिल्टर लागतो). खतपाण्याच्या टाकीत हायड्रोजन पेरॉक्साइड (ते जंतू मारतं) आणि मित्रजीव दोन्ही नकोत, दोघांपैकी एकच. तांब्याचं बुरशीनाशकही या मिश्रणात ओतू नका. साखर किंवा मळी घालून "जीवाणू वाढवायचा" सल्लाही टाकीसाठी ऐकू नका, त्यावर सगळेच जीव माजतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात टाकी सावलीत हवी, २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच.

रोजचं पाणी असं द्या की दिलेल्यापैकी दहावा ते पाचवा हिस्सा खालून निथळेल, नाहीतर क्षार साचतात. पाण्याचा पीएच ५.८ ते ६.२ च्या आसपास. पालेभाजीला ईसी १.२ ते १.८ (mS/cm), टोमॅटो फळावर आला की २ च्या वर चालतो.

दर पंधरा दिवसांनी एक कुंडी हलकेच उपडी करून मुळं बघा. पांढरी, केसाळ, पावसानंतरच्या मातीसारखा वास, म्हणजे सगळं ठीक. तपकिरी असतील तर एक मूळ चिमटीत धरून ओढा, वरची साल बोटात निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला तर ती पिथियम या बुरशीसारख्या जीवाची मूळकूज, पाणी कमी करा, हवा वाढवा, आणि ते झाड मिश्रणासकट बाजूला काढा. निरोगी झाडाचं मिश्रण हंगाम संपल्यावर जाड मुळं काढून, धुवून, ईसी बघून परत वापरता येतं, मी दोनतीन हंगाम वापरते. त्यानंतर ते बसतं, निचरा मंदावतो, मग कंपोस्टच्या ढिगात.