लाकूड कातायला कसे शिकावे

खान्देश हा कापसाचा मुलूख असल्यामुळे येथे ‘कातणे’ हा शब्द उच्चारला की टकळी आणि सूत आठवते. परंतु फिरत्या लाकडाला हत्याराने गोल आकार देण्यालाही मराठीत कातणेच म्हणतात आणि ते काम करणाऱ्याला कातारी. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणे, रवी, भोवरा या साऱ्या कातीव वस्तू होत. विजेची मोटर येण्यापूर्वी एक जण लाकडाभोवती गुंडाळलेली दोरी आलटूनपालटून ओढत असे आणि दुसरा पटाशी धरत असे. लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे, त्यामुळे हत्यार निम्माच वेळ कापत असे आणि उरलेल्या वेळात हाताला सावरायला उसंत मिळे. मोटरच्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर, ती उसंत नसते, म्हणून सुरुवात तरी जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. मोबाइलवर पाहून हत्यारांची नावे आणि आकार पाठ होतात. पण हत्यार नीट टेकले आहे की नाही हे मुठीतल्या थरथरीवरून आणि लाकडाच्या आवाजावरून कळते, आणि ते पडद्यावर समजत नाही.

वर्ग निवडताना पहिला प्रश्न लेथ किती आणि शिकणारे किती, हा विचारावा. दोन लेथ आणि दहा माणसे असतील, तर तो वर्ग नसून प्रात्यक्षिक होय. एका शिक्षकामागे चार ते सहा जण आणि प्रत्येकाला स्वतःचा लेथ, अशी व्यवस्था असेल तर नवशिके आणि जाणते एकाच खोलीत बसूनही चालतात, किंबहुना ते बरेच असते. कारण शेजारच्या लेथवर जाणत्याच्या पटाशीखालून निघणारी लांब सलग ढलपी पाहिली की आपल्या लेथवर नुसता भुसा का उडतो, हा प्रश्न नवशिक्याला आपोआप पडतो. दुसरा प्रश्न धार लावायला शिकवतात का, हा विचारावा. आयटीआयमधील ‘टर्नर’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम धातू कातण्याचा आहे, लाकडाचा नाही. लाकडासाठी ‘कार्पेंटर’ हा वेगळा अभ्यासक्रम असतो, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

वर्गाला जाताना खांद्यावरचा बागायती रुमाल, ओढणी, अंगठी, बांगड्या, गळ्यातले आणि हातमोजे घरीच ठेवावेत. केस घट्ट बांधावेत आणि बाह्या कोपरापर्यंत आवळून घ्याव्यात. हातमोज्याने हात वाचतो असे वाटते, पण फिरते लाकूड मोजा पकडते आणि त्यामागून बोटे ओढते. साध्या चष्म्याऐवजी पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल वापरावी. धूळ टाळण्यासाठी मुखपट्टी लावावी. शिसवाच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते आणि श्वासाला त्रास होतो.

सरावाचे लाकूड महाग नसावे. सुबाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या मनगटाएवढ्या जाड, अर्धवट ओल्या फांद्या नवशिक्याला सर्वांत सोयीच्या असतात, कारण ओले लाकूड मऊ कापले जाते आणि धूळही कमी उडते. बाभूळ वाळल्यावर फार कठीण होते, म्हणून ती ओली असतानाच कातून घ्यावी. साग सुबक दिसतो, पण त्यात वाळूसारखा सिलिकेचा अंश असल्यामुळे धार लवकर बोथट होते. शिवाय साग, मोह, चिंच, खैर यांसारखी झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचे झाड असले तरी परवानगीशिवाय त्याला हात लावू नये. वखारीतून पावतीसह मिळणारे तुकडे त्यापेक्षा बरे.

लेथवर लाकूड चढवताना दोन्ही टोकांचे मध्य काढून ते लेथच्या दोन केंद्रांमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या टोकदार आधारांमध्ये, घट्ट बसवावे, हत्यार टेकवायची पट्टी लाकडापासून 3 ते 6 मिलिमीटर अंतरावर आणावी आणि बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठे अडकत नाही ना हे पाहावे. बटण दाबताना लाकडासमोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. वेगासाठी एक ढोबळ हिशेब आहे: लाकडाचा व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता 6000 ते 9000 च्या दरम्यान आकडा यावा. म्हणजे 8 इंची वाडग्याला साधारण 750 ते 1125 फेरे पडतात. हा हिशेब गोल झालेल्या लाकडाचा आहे. ओबडधोबड ओंडका 300 ते 500 फेऱ्यांवरच सुरू करावा आणि थरथर थांबल्यावर वेग वाढवावा. दीड इंची लाटण्याला याच हिशेबाने 4000 ते 6000 फेरे निघतात, पण नवशिक्याने 1500 च्या आसपास थांबलेले चांगले.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी, कारण सारी विद्या येथेच आहे. हत्यार आधी पट्टीवर टेकवावे आणि मगच ते लाकडाकडे न्यावे. हा क्रम कधीही उलटू नये. त्यानंतर धारेमागचा जो घासलेला उतार असतो, त्याची टाच फिरत्या लाकडावर अलगद ठेवावी. या वेळी हत्यार काहीच कापत नाही, केवळ घासल्याचा आवाज येतो. मग मागची मूठ हळूहळू वर उचलावी. एका ठरावीक कोनात धार लाकडात शिरते आणि ढलपी सुटू लागते. उतार लाकडाला टेकलेला असतो तोवर तो धारेला खोल जाऊ देत नाही. तो आधार सुटला की हत्यार लाकडात रुतते, मोठा झटका बसतो आणि काम बिघडते. लांब लाकूड कातताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे उताराच्या दिशेने कापावे, जेणेकरून प्रत्येक तंतूला खालून दुसऱ्या तंतूचा आधार मिळेल.

अगदी नव्या माणसाने पहिल्या दिवशी कोणतीही वस्तू करू नये. एक फांदी गोल करावी, तिच्यावर ओळीने मणी आणि खोबणी काढाव्यात, त्या पुसून पुन्हा काढाव्यात, आणि फांदी बोटाएवढी झाली की चुलीत घालावी. दुसऱ्या दिवशी लाटणे घ्यावे. ते सोपे दिसते, पण फूटभर लांबीत कोठेही उंचवटा किंवा खळगा न ठेवणे हे हाताची परीक्षा पाहणारे काम आहे. (खान्देशातल्या पुरणाच्या मांड्यांना मात्र लाटण्याचा फारसा उपयोग नाही, ते हातावरच मोठे होतात.) वांग्याचे भरीत ठेचायचा जाडसर लाकडी दांडा हाही या टप्प्यावर करण्याजोगा आहे. ज्यांना थोडा सराव आहे त्यांनी भोवरा करावा. भोवऱ्याची आर अचूक मध्यावर बसली नाही किंवा एका बाजूला वजन जास्त राहिले तर तो जमिनीवर पडताच डगमगतो, त्यामुळे शिक्षकाने चूक सांगण्याची गरज उरत नाही.

धार लावणे हा अनेक वर्गांत घाईने उरकला जाणारा विषय आहे. साध्या ग्राइंडरवर, शक्यतो कमी फेऱ्यांच्या, 80 नंबरचा पांढरा दगड बसवून घ्यावा. उतारावर मार्कर पेनने शाई लावावी, दगड हाताने फिरवून हत्यार त्यावर हलकेच टेकवावे आणि शाई कोठे पुसली गेली ते पाहावे. फक्त धारेजवळ पुसली असेल तर कोन उभा होतो आहे, फक्त टाचेजवळ पुसली असेल तर तो आडवा होतो आहे, आणि संपूर्ण उतारावर पुसली तरच ग्राइंडर सुरू करावा. लांब लाकडाच्या गोल पटाशीला 35 ते 40 अंश आणि वाडग्याच्या पटाशीला 55 ते 60 अंश हा कोन रूढ आहे. लोहाराने गाडीच्या पाट्यापासून घडवलेली पटाशी तापून निळी पडली की तिचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, म्हणून ती वारंवार पाण्यात बुडवावी. हायस्पीड स्टीलची पटाशी मात्र तापलेली असताना पाण्यात बुडवू नये, तिच्या धारेला सूक्ष्म तडे जातात.

यानंतर वाडगा. येथे तंतू आडवे असल्यामुळे दिशा बदलते: बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून बुडाकडे कापावे. लांब लाकूड गोल करण्याची रुंद पटाशी वाडग्यावर कधीही वापरू नये, कारण तिचा मुठीत गेलेला भाग अरुंद असतो आणि झटक्याने मोडू शकतो. ओंडका उभा चिरताना मधला गाभा काढून टाकावा, कारण तडे तेथूनच सुरू होतात. मी माझा पहिला वाडगा ओल्या कडुनिंबाचा, एप्रिल महिन्यात कातला आणि कौतुकाने खिडकीत ठेवला; जळगावच्या गरम वाऱ्याने सकाळपर्यंत त्याला काठापासून बुडापर्यंत चीर पडलेली होती. तेव्हापासून ओला वाडगा आधी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड ठेवतो, म्हणजे 8 इंचाला सुमारे 20 मिलिमीटर. तो त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत भरून, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवतो आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. वजन घटायचे थांबले की तो पुन्हा लेथवर चढवून शेवटचा आकार देतो.

घासताना पट्टी काढून ठेवावी आणि 120, 180, 240, 320 अशा क्रमाने पॉलिश पेपर वापरावा, मधला नंबर गाळू नये. जेवणाच्या भांड्याला कच्चे जवसाचे तेल चालते, पण ते वाळायला बरेच दिवस लागतात. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल वापरू नये, त्यात वाळवणारी धातूंची द्रव्ये असतात. तेलाचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावेत. ज्यांना रंगीत काम करायचे आहे त्यांनी लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबावी. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी येते. गुजरातमधील संखेड्याच्या कातीव फर्निचरवरही लाखेचेच काम असते.

झाकणाचा डबा सर्वांत शेवटी घ्यावा. श्रावणातल्या दमट हवेत घट्ट बसवलेले झाकण वैशाखात अडकून बसते, कारण लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आटते आणि गोल तोंड किंचित लंबगोल होते. म्हणून डबा आणि झाकण दोन्ही आधी जाडसर कातून काही आठवडे तसेच राहू द्यावेत, मग अंतिम माप घ्यावे, आणि पावसाळ्यात काम करत असाल तर झाकण सहज फिरेल एवढे सैल ठेवावे.