नगरपरिषदेत नव्याने रुजू होताय? कर विभागाच्या टेबलावरून थोडं

रुजू होऊन चार दिवस झाले होते. एक आजोबा टेबलासमोर आले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत रात्रीचा एक पोलीस फिरकत नाही. घरपट्टी वेळेवर भरतो ना आम्ही?" मी परीक्षा देऊन नुकताच आलेला, अंगात उत्साह. अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक नंबर टाकला. शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ लिपिक चष्म्यावरून बघत म्हणाले, "नंबर दिलास ना? आता उत्तरही तूच दे."

पोलीस नगरपरिषदेचे नसतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अभ्यासात राज्यसूची, म्हणजे घटनेतली राज्य सरकारच्या विषयांची यादी, पाठ केली होती, त्यात पोलीस आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतले, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायचे, 18 विषयही पाठ होते, त्यात पोलीस नाही. पण समोर माणूस बसला की पाठांतर उपयोगी पडत नाही. पोलीस ठाण्याला किती माणसं द्यायची हे गृह विभाग आणि जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक ठरवतात. आपण पत्र पाठवू शकतो, सभेत ठराव करू शकतो, चौकीसाठी जागा देण्याचा विषय पुढे करू शकतो. त्या गल्लीतला दिवा लावणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. मी शेवटी तेच केलं. अर्जाची प्रत ठाण्याला पाठवली आणि विद्युत विभागाकडून खांबावरचा दिवा बदलून घेतला.

या नोकरीत पहिलं काय शिकायचं, तर कुठलं काम कुणाचं. रस्त्यावर पट्टे मारायचे आपण, गाडी उचलायची वाहतूक पोलिसांनी. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, मिळकत पत्रिका नगर भूमापनकडे, आकारणी उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीची नक्कल, आपल्याकडे. माणूस मात्र सगळी कामं घेऊन तुमच्याकडेच येतो, कारण नगरपरिषदेची पायरी त्याला जवळची वाटते. "आमचं काम नाही" म्हणून त्याला परत पाठवू नका, कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. एवढ्यानेही निम्मी भांडणं टळतात.

मी 2018 च्या भरतीतून करनिर्धारण व प्रशासकीय सेवेत आलो. पहिली नेमणूक क वर्ग नगरपरिषदेत झाली, म्हणजे 40 हजारांच्या आतलं गाव. (40 हजारांच्या वर एक लाखापर्यंत ब वर्ग, त्यापुढे अ.) बरेच जण मोठं शहर मिळावं म्हणून धडपडतात. माझं मत उलटं आहे. छोट्या ठिकाणी माणसं कमी असतात, त्यामुळे कर, आस्थापना, सभा, निवडणूक असं सगळं दोन वर्षांत हाताखालून जातं. त्रास होतो, पण पुढे दहा वर्षं पुरतं.

आता घरपट्टीकडे येतो, कारण नव्या माणसाची खरी परीक्षा तिथेच होते. आकारणी वार्षिक करयोग्य मूल्यावर होते. म्हणजे ती इमारत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर दर लावायचा. समजा, घर 40 चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला महिना 20 रुपये ठरले आहेत. महिन्याचे 800, वर्षाचे 9,600. दहा टक्के गेले की 8,640 राहिले. कराचा दर 24 टक्के असेल तर 2,073 रुपये 60 पैसे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक गावाचे दर वेगळे. पण ही आकडेमोड कागदाशिवाय तोंडी करता आली पाहिजे. "माझं बिल इतकं का?" या प्रश्नाला "कॉम्प्युटरने काढलंय" असं उत्तर दिलंत की तुमची पत गेली.

त्या बिलावर आणखी ओळी असतात. वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, बिगरनिवासी मालमत्तेवर रोजगार हमी कर. यातले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनाचे असतात; आपण फक्त गोळा करतो आणि शासनाकडे भरणा करतो. लोकांना वाटतं सगळा पैसा नगरपरिषद खाते. त्यांना ती ओळ बोट ठेवून दाखवा.

शास्ती (म्हणजे दंड) हा शब्द नव्यांना हमखास गोंधळात टाकतो, कारण आपल्याकडे शास्ती दोन प्रकारच्या. एक उशीर झाल्याची, थकबाकीवर दरमहा 2 टक्के. दुसरी अनधिकृत बांधकामाची. मी एकदा दोन्ही रकमा एकाच रकान्यात धरून मागणी काढली आणि त्या गृहस्थांनी माझी जी काही पूजा बांधली, ती अजून आठवते. आणि हेही त्याच दिवशी शिकलो: अनधिकृत घराची घरपट्टी घेतली म्हणून ते घर अधिकृत होत नाही. तसंच आकारणी उताऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. भावाभावांच्या वाटणीत दोघंही आपल्याला साक्षीला ओढायला बघतात. "ही नोंद कर वसुलीपुरती आहे" हे वाक्य रोज म्हणायची तयारी ठेवा.

चार वर्षांतून एकदा फेरआकारणी येते. घरं मोजणारे एजन्सीचे लोक येतात, मूल्यनिर्धारणाला नगररचना विभागाचे अधिकारी असतात, नोटिसा निघतात आणि मग हरकतींचा पूर. पहिल्या फेरीत मी मोजणीच्या पथकाबरोबर फिरलो नाही, ही माझी मोठी चूक. सुनावणीला बसल्यावर कळलं की गोठ्याची पत्र्याची शेड आरसीसी, म्हणजे पक्कं काँक्रीट बांधकाम, म्हणून लागली आहे, आणि तळमजल्यावरचं दुकान राहतं घर म्हणून सुटलं आहे. पहिली तक्रार लगेच येते. दुसरी कोण करणार? नव्या माणसाने टेप हातात घेऊन निदान एक प्रभाग स्वतः मोजावा. कोणतं घर कुठे वाढलंय, कुठे भाडेकरू आहेत, हे वसुली लिपिकाला तोंडपाठ असतं. त्याच्या मागे मागे फिरा. चहा तुम्ही पाजा.

वसुली वर्षभर सुस्त असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटते. बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र (वॉरंट), या पायऱ्या कायद्यात आहेत आणि एकही पायरी गाळून चालत नाही. नोटीस बजावल्याची सही नसेल तर पुढची सगळी कारवाई पांगळी. काही ठिकाणी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवतात. मी ते एकदा पाहिलं. पैसे आले खरे, पण त्या घरातली शाळकरी मुलगी दाराआड उभी होती आणि मला तो प्रकार नंतर कधी करावासा वाटला नाही. बड्या थकबाकीदारांची यादी पहिल्या दिवशीच काढा. बहुतेक ठिकाणी तिच्या वरच्या टोकाला सरकारी कार्यालयंच सापडतील.

जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेल्यापासून पगार बऱ्याच अंशी शासनाच्या सहाय्यक अनुदानावर चालतो, त्यामुळे घरपट्टी आली काय, न आली काय, असा सूर जुन्या लोकांत ऐकू येतो. त्याला भुलू नका. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर आणि वसुलीतली वाढ यांची अट घातली होती. वसुली ढिली पडली की वरून येणारा पैसाही अडतो, हे तेव्हा नीट कळलं.

कर वाढवायचा किंवा एखादा स्थानिक नियम करायचा तर नगरसेवकांची सभा. उपविधी म्हणजे गावापुरता कायदा: कचरा, बाजार, जाहिरात फलक. सभेने मंजूर केला की लागू झाला असं नसतं, त्याला शासनाची मंजुरी लागते. ठरावात सूचक-अनुमोदकांची नावं, खर्चाचं लेखाशीर्ष आणि कायद्याचं कलम बरोबर हवं. नाहीतर विरोधी गटाचा नगरसेवक 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचं कलम 308 घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ठरावाची अंमलबजावणी स्थगित करून आणतो. 2025 च्या डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या. त्याआधी अनेक गावांत काही वर्षं निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी शासनाने नेमलेले प्रशासकच होते, त्यामुळे त्या काळात रुजू झालेल्यांनी तापलेली सभा पाहिलेलीच नाही. त्यांना सांगतो, सभेत नगरसेवक तुमच्यावर ओरडले तरी बऱ्याचदा ते समोरच्या बाकावरच्या गटाला ऐकवत असतात. उत्तर मुख्याधिकारी देतील. तुम्ही फाईल उघडी ठेवा आणि पान नंबर सांगा.

आणि पुन्हा पोलीस. अतिक्रमण काढायचं किंवा पावसाळ्याच्या तोंडावर मोडकळीस आलेली इमारत रिकामी करायची तर बंदोबस्त लागतो, आणि तो आपल्या तारखेला मिळेलच असं नाही. ठाण्यात माणसं मोजकी. सण, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा, परीक्षा यातून उरतील ती आपली. एकदा जेसीबी सकाळी सातला येऊन उभा राहिला, भाडं सुरू झालं आणि बंदोबस्त आदल्या रात्री दुसरीकडे वळला होता. भाड्याचा हिशेब लेखापालांना समजावता समजावता माझी दिवाळी गेली. तेव्हापासून पत्र निदान पंधरा दिवस आधी, त्यात किती पुरुष, किती महिला कर्मचारी हवेत ते स्पष्ट, आणि आदल्या संध्याकाळी ठाण्यात स्वतः जाऊन विचारणं. महिला पोलिसांचा आकडा लिहायला विसरू नका. दारात सगळ्यात आधी आजी आणि सुना येऊन बसतात.