चेहरा एकाचा, बटण दुसऱ्याचं: प्रचाराला वैतागलेल्या पुणेकर मतदारासाठी

निवडणूक लागली की कर्वे रस्त्यापासून नगर रस्त्यापर्यंत एकच चेहरा दिसायला लागतो. तो दिल्लीतल्या नाहीतर मुंबईतल्या नेत्याचा असतो, आणि तुमच्या मतदान केंद्रातल्या यंत्रावर त्याचं नावही नसतं. अध्यक्षीय पद्धतीचा प्रचार म्हणतात तो हाच. अमेरिकेत लोक अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव बघून मत देतात, तिथे तो शोभतो. आपल्याकडे राष्ट्रपती निवडतात आमदार-खासदार. २०२२ च्या त्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि खासदाराच्या मताचं ७०० होतं, सामान्य मतदाराचं शून्य. पंतप्रधान आणि मुख्यमंत्रीही निवडून आलेल्यांच्या बहुमतावर ठरतात. आपल्या वाट्याला येतो तो स्थानिक उमेदवार, आणि प्रचारात नेमकी त्याचीच माहिती सर्वांत कमी असते. म्हणून काम एकच: प्रचार खाली ओढून आपल्या मतदारसंघात आणायचा. तो कसा, ते पुढे.

आधी आपला मतदारसंघ नक्की करा

हे सोपं वाटतं, पण पुण्यात इथेच गोंधळ होतो. पुणे लोकसभेत सहाच विधानसभा मतदारसंघ येतात: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. हडपसर शिरूर लोकसभेत जातं आणि खडकवासला बारामतीत. धायरीत राहणारा माणूस दिवसभर पुण्याच्या उमेदवारांच्या रिक्षा ऐकतो आणि मत देतो बारामतीसाठी.

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ईसीआयनेट (आधीचं व्होटर हेल्पलाइन) अ‍ॅपवर ओळखपत्राचा क्रमांक टाका. विधानसभा, यादीचा भाग, अनुक्रमांक आणि केंद्र, सगळं दिसतं. इंटरनेट नको असेल तर १९५० वर फोन करा. सदाशिव पेठेतून बाणेरला घर बदललं असेल तर पत्ता बदलायला नमुना ८ भरावा लागतो. नवीन नावासाठी नमुना ६. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घेता येत नाही, आणि तुमच्या नोंदणी अर्जाच्या छाननीलाही दिवस लागतात. त्यामुळे प्रचाराचा आवाज कानावर आल्यावर जागं झालात तर बहुतेक उशीर झालेला असतो.

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडली जाते, आणि त्यासाठी राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो; जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी ती १ जुलै २०२५ होती. त्या तारखेनंतर नोंदवलेलं नाव तेव्हा चाललं नाही.

आश्वासन कुणाचं, खातं कुणाचं

वैतागाचं खरं मूळ आवाजात कमी आणि इथे जास्त आहे. नगरसेवकपदाचा उमेदवार विमानतळाचं आश्वासन देतो, खासदारकीचा उमेदवार गल्लीतल्या ड्रेनेजचं, आणि पाच वर्षांनी दोघंही म्हणतात की ते आमच्या हातात नव्हतं. खरंच नसतं. म्हणून पत्रक हातात आलं की प्रत्येक आश्वासनापुढे पेनानं खातं लिहा.

अंतर्गत रस्ते, कचरा, ड्रेनेज, नळाच्या पाण्याचं वाटप हे महापालिकेचं. पण धरणातून पुण्याला किती पाणी मिळणार, हे महापालिका ठरवत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही साखळी राज्याच्या जलसंपदा खात्याकडे आहे. ‘चोवीस तास पाणी’ असं कुणी म्हणालं तर तो वाटपाबद्दल बोलतोय की कोट्याबद्दल, हे विचारा. शहर बस चालवणारी पीएमपीएमएल ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची कंपनी, तेव्हा बस वाढवायच्या तर दोन्हीकडून पैसे यावे लागतात. महामेट्रो केंद्र आणि राज्याची निम्म्या-निम्म्या भागीदारीची आहे, तर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्ग पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. नवले पूल ज्या बाह्यवळण महामार्गावर आहे तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. वाहतूक पोलीस गृहखात्याचे, वीज महावितरणची, लोहगावची धावपट्टी हवाई दलाची.

काही गोष्टी दोन खात्यांच्या मध्ये लोंबकळतात. घरपट्टी महापालिका वसूल करते, पण स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत पुन्हा देण्याचा निर्णय २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं घेतला. अशा ठिकाणी ‘मी सवलत आणली’ असं म्हणणारे एकापेक्षा जास्त निघतात. श्रेय वाटत बसू नका, ठराव किंवा शासन निर्णय कोणत्या तारखेचा, एवढंच विचारा.

रस्त्याचं आश्वासन असेल तर एकच प्रश्न पुरतो: भूसंपादन किती झालं? कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता. जागा ताब्यात येईना, म्हणून आधी ५० मीटरच करायचं ठरलं. डांबर आणि निविदा या नंतरच्या गोष्टी. पुण्यात रस्ता अडतो तो सात-बाऱ्यावर. ज्या उमेदवाराला हा आकडा माहीत नाही, त्यानं त्या रस्त्याचं नाव पत्रकात छापलं म्हणून तो झाला असं नाही.

प्रतिज्ञापत्र वाचायची रीत

लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. ते आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलवर मिळतं. मतदारसंघ निवडा, उमेदवाराचं नाव उघडा, फाइल उतरवून घ्या. इथे दोन अडचणी येतात. एक, उमेदवार चार अर्ज भरू शकतो, म्हणून एकाच नावापुढे तीन-चार शपथपत्रं दिसतात. तारीख बघून सर्वांत अलीकडचं घ्या. दोन, स्कॅन वाकडातिकडा असतो आणि काही पानं हातानं भरलेली. मोबाइलवर डोळे फोडण्यापेक्षा संगणकावर उघडा.

सुरुवात शेवटाकडून करा. भाग ‘ब’ हा गोषवारा असतो: खटले किती, मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण काय. तो दोन मिनिटांत वाचून होतो. मग भाग ‘अ’.

खटल्यांचा नुसता आकडा बघून मत बनवू नका. आंदोलनं करणाऱ्या कार्यकर्त्यावर जमावबंदी मोडल्याचे दहा गुन्हे असू शकतात, आणि दुसऱ्यावर एकच असतो पण फसवणुकीचा. कलमं वाचा. जुन्या गुन्ह्यांत भारतीय दंड संहितेचे आकडे दिसतील, १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेचे: सरकारी आदेश मोडणं पूर्वी १८८, आता २२३, फसवणूक पूर्वी ४२०, आता ३१८, खुनाचा प्रयत्न पूर्वी ३०७, आता १०९. पुढच्या रकान्यात आरोप निश्चित झालेत का, हे असतं. नुसती तक्रार आणि न्यायालयानं आरोप निश्चित केलेला खटला यांत मोठा फरक आहे.

मालमत्तेच्या तक्त्यात स्थावर मालमत्तेपुढे खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव असे वेगळे रकाने असतात. ‘संपत्ती पाच वर्षांत तिप्पट’ असे मेसेज फिरतात तेव्हा आधी बघा की नवीन जमीन घेतली आहे की जुन्याच जमिनीचा भाव वाढवून लिहिला आहे. त्याच उमेदवाराचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी उघडून सर्व्हे नंबर जुळवा. मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्नही तिथेच असतं, स्वतःचं आणि पती-पत्नीचं. उत्पन्न आणि नवी खरेदी यांचा मेळ बसत नसेल तर सभेत विचारायला तुमच्याकडे चांगला प्रश्न आहे. खोटी माहिती देणं किंवा लपवणं याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे.

आणखी एक कागद फार कमी लोक बघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर तो का निवडला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाला जाहीर करावं लागतं. निवडून येण्याची क्षमता एवढंच कारण चालत नाही. ही जाहीर केलेली कारणं वाचून बघा. ‘समाजकार्य’ आणि ‘लोकप्रियता’ यापलीकडे काही सापडलं तर नशीब. उमेदवारालाही आपल्या गुन्ह्यांची माहिती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा द्यावी लागते. वर्तमानपत्रात ती बहुधा आतल्या पानावर बारीक टायपात सापडते.

भोंगे, फ्लेक्स आणि तक्रार

रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, मग सभा कुणाचीही असो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. रात्रीच्या भोंग्यासाठी ११२ ला फोन करा. ‘कुठल्या तरी पक्षाची गाडी’ असं सांगून उपयोग नाही. गाडीचा क्रमांक, चौक आणि वेळ सांगा.

लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत सर्वांत कामाचं साधन म्हणजे आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायचं सी-व्हिजिल (आता ईसीआयनेटचा भाग) अ‍ॅप. ते नीट चालवलं नाही तर तक्रार जातच नाही, म्हणून सावकाश सांगतो. लोकेशन चालू ठेवा. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच काढायचा. गॅलरीतला जुना फोटो किंवा ग्रुपवर आलेली क्लिप ते घेत नाही. व्हिडिओ दोन मिनिटांपर्यंतच. काढल्यावर पाच मिनिटांत पाठवावा लागतो, म्हणजे घरी जाऊन निवांत पाठवू म्हणालात की संपलं. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते अ‍ॅपमध्ये दिसत नाही. तक्रार आली की ठरलेलं वेळापत्रक १०० मिनिटांचं आहे: पाच मिनिटांत भरारी पथकाकडे, पुढच्या पंधरात पथक जागेवर, तीस मिनिटांत कारवाई आणि अहवाल, उरलेल्या पन्नासात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय.

महापालिका निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यामुळे तेव्हा सी-व्हिजिलवर तक्रार टाकून काही होत नाही. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयातल्या आचारसंहिता कक्षाकडे जावं लागतं. अनधिकृत फ्लेक्ससाठी एरवीही पीएमसी केअर अ‍ॅप आणि आकाशचिन्ह विभाग आहेच, ‘भावी नगरसेवक’ भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तर आचारसंहितेच्या आधीच लागतात.

पत्रक निनावी असेल, विरोधकाची बदनामी असेल, तर त्याची खालची कडा बघा. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे सक्तीचं आहे. नसेल तर तेच तक्रारीचं कारण. मजकूर खरा की खोटा यावर वाद घालायची गरज नाही. पत्रक टाकून देऊ नका, मूळ प्रत ठेवा.

फोन

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीखाली ग्रुप्स हा पर्याय आहे, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. अनोळखी माणूस तुम्हाला ग्रुपमध्ये टाकू शकणार नाही. तिथेच अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे. नको असलेले जाहिरातीचे फोन रोखणारं डीएनडी १९०९ वरून चालू करता येतं, पण ते नियम व्यापारी जाहिरातींसाठी आहेत. प्रचाराचे सगळे फोन थांबतील अशी आशा नको.

उमेदवार सोसायटीत येतो तेव्हा

पदयात्रेत उमेदवाराला एका दारात अर्धं मिनिट मिळतं. त्यात तक्रारींचा पाढा वाचलात तर तो ‘बघतो’ म्हणेल आणि जिना उतरेल. समितीनं आधी दोन प्रश्न ठरवावेत, लिहून द्यावेत आणि एकाच माणसानं विचारावेत: हे काम कोणत्या खात्याचं, आणि त्यासाठी तुम्ही आतापर्यंत कुणाला पत्र दिलं? पत्राची प्रत मागा. विद्यमान आमदार-नगरसेवकाकडे ती असायलाच हवी.

सोसायटीला रंग, पेव्हर ब्लॉक, महिलांना देवदर्शनाची सहल, असले प्रस्ताव येतात. मतासाठी भेट देणारा आणि घेणारा, दोघंही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० च्या कक्षेत येतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ‘सोसायटीनं घेतलं, मी नाही’ अशा भ्रमात सचिवांनी राहू नये.

शेवटचे ४८ तास आणि नंतर

मतदान संपायच्या वेळेच्या ४८ तास आधी जाहीर सभा आणि लाऊडस्पीकर बंद होतात. घरोघरी भेट मात्र चालते, म्हणून बेल वाजली तर तक्रारीचं कारण नाही. कार्यकर्ते देतात ती चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर, पक्षाच्या नावा-चिन्हाशिवाय असायला हवी. ओळखपत्र म्हणून ती चालत नाही.

महापालिकेत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. पॅनेलच्या एकाच चेहऱ्यावर चारही बटणं दाबायची सक्ती नाही. अ मध्ये एक पक्ष, क मध्ये अपक्ष असं चालतं. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर त्या जागेपुरतं नोटा दाबा. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार तसं झालं तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची असते. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिलं तर मात्र सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी.

निकालानंतर ३० दिवसांत लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. २०२२ पासून महाराष्ट्रात मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि मोठ्या चेहऱ्याच्या जाहिरातींचा बराचसा पैसा तिकडून निघतो. उमेदवाराचा हिशेब कुणालाही बघता येतो. नियमात त्यासाठी ठरवलेलं शुल्क एक रुपया आहे. प्रचारात तुमच्या चौकातल्या फ्लेक्सचे, मंडपाचे आणि रिक्षांचे तारीखवार फोटो काढून ठेवले असतील, तर ते घेऊन जा आणि हिशेबातल्या नोंदींशी ताडून बघा.