गोदामात फोर्कलिफ्टची धडक कशी टाळावी

भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामांत माल भरण्याच्या घाईत फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलून नेणारी गाडी) आणि पायी चालणारे कामगार एकाच वाटेवर येतात, म्हणून सर्वप्रथम दोघांच्या वाटा वेगळ्या कराव्यात. त्यासाठी जमिनीवरचा पिवळा पट्टा पुरेसा नाही. जिथे जागा आहे तिथे लोखंडी कठडाच बसवावा.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, हे प्रत्येक हमालाला प्रत्यक्ष दाखवावे. काटे डावीकडे वळतात तेव्हा जड काउंटरवेट (मालाचा तोल सांभाळणारे वजन) असलेला मागचा भाग उजवीकडे झपाट्याने फिरतो, आणि काटे आपल्यापासून दूर जात आहेत असे समजून निर्धास्त उभा असलेला माणूस रॅकला चेपला जातो.

चालकाने काटे जमिनीपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर ठेवूनच गाडी हलवावी. मालामुळे समोरचे दिसत नसेल, तर मागे पाहत गाडी उलटी चालवावी. चढावर मात्र माल चढाच्या वरच्या बाजूलाच असला पाहिजे, त्यामुळे चढताना गाडी उलटी चालवता येत नाही आणि तिथे इशारा देणारा माणूस घ्यावा.

गाडी कलंडू लागली, तर उडी मारण्याचा मोह जीवघेणा ठरतो, कारण डोक्यावरची लोखंडी चौकट नेमकी उडी मारणाऱ्यावर पडते. सीटबेल्ट आधीपासून लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरून पाय रोवावेत आणि कलत्या बाजूच्या विरुद्ध झुकावे.

काट्यांवर उभे करून कोणालाही वर चढवू नये, मग काम दोनच मिनिटांचे का असेना.