ऑइलचा ब्रँड नंतर, डब्यावरची अक्षरं आधी
मोटरसायकलसाठी ऑइल घेताना मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड, म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा आकडा बघा, समजा १०डब्ल्यू-३०. मग डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ शोधा; ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ही जपानी मानकाची खूण. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. कारच्या ऑइलमध्ये, विशेषतः ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेल्या, घर्षण कमी करणारे घटक असू शकतात. त्यांनी क्लच प्लेटा घसरतात. रेस वाढवली की इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. ‘एमबी’ ऑइल ड्राय क्लचच्या, म्हणजे क्लच ऑइलमध्ये नसलेल्या स्कूटरसाठी, ते इथे नकोच.

एवढं जुळलं की ब्रँडवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. आवडत्या ब्रँडला चिकटून राहा, खुशाल. पण महागडं ऑइल आहे म्हणून बदलायची वेळ पुढे ढकलू नका, त्यात इंजिनाचं खरं नुकसान आहे.

लेव्हल बघताना इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढंच थांबा आणि गाडी सरळ उभी धरा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून बघा. बऱ्याच गाड्यांत ती नुसती टेकवायची असते. तिथे आटे फिरवून बसवली तर ती जास्त खोल जाते, लेव्हल भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात ऑइल कमी पडतं.