खानदेशात विशेष मुलांची शाळा बांधताना
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेचा आराखडा उन्हापासूनच सुरू करावा. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला काढाव्यात, पश्चिमेला स्वच्छतागृहे व भांडारखोली घ्यावी आणि गच्चीवर दरवर्षी चुन्याचा हात द्यावा. पत्र्याचे छप्पर टाळलेलेच बरे. ते तापते, शिवाय पावसात त्याचा जो कडकडाट होतो, तो स्वमग्न किंवा श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला असह्य ठरतो. (आपल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत हे दोन्ही त्रास नव्हते.)

उतारमार्गाला सर्वाधिक वेळ द्यावा. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडे आणि दारापुढे चाकाची खुर्ची वळेल एवढी सपाट जागा हवी. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. उताराचा पाया उथळ असला, तर तो खचून उंबऱ्याशी बोटभर पायरी तयार होते आणि खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तिथेच अडतात. म्हणून ती माती काढून मुरूम भरावा, थर देत ठोकावा व पावसाचे पाणी दूर वळवावे. दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी.